बारा गुंठे, चौऱ्याऐंशी गुंठे, साठ गुंठे: सोलापूरकडील एका हक्कसोडपत्राचे प्रकरण

या प्रकरणाचा विषय वरवर पाहता साधा आहे. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातली नऊ एकर वडिलोपार्जित जिराईत जमीन, दोन भाऊ, तीन बहिणी आणि म्हातारी आई. त्या जमिनीच्या एका कडेची पट्टी रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या भूसंपादनात गेली आणि मोबदल्याचे वाटप होण्यापूर्वी बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यावे, असे भावांनी सुचवले. दोघींनी ते करून दिले, थोरलीने दिले नाही. जिल्ह्यातील कोणत्याही दिवाणी न्यायालयाच्या आवारात अशी प्रकरणे डझनाने भेटतात. त्यांतून हेच निवडण्याचे कारण असे की, या एका घरातील तीन बहिणींचे वाटे मांडले तर स्त्रीच्या वारसाहक्काचा गेल्या शतकाचा इतिहास गुंठ्यांत मोजता येतो, आणि कायद्याने एक दार उघडल्यावर पितृसत्ता कोणत्या खिडकीने परत आत येते, तेही दिसते. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावे आणि गाव वगळले आहे.

कुटुंब आणि सात-बारा

वडील २००१ साली वारले. थोरलीचे लग्न १९८८ साली झाले होते. ती सोलापुरात दिली. नवरा कापडगिरणीत बदली कामगार होता, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेला. ती स्वतः विड्या वळते. मधलीचे लग्न १९९२ साली पंढरपूरला झाले आणि धाकटीचे १९९७ साली अक्कलकोट तालुक्यात. लग्नाची ही तीन वर्षे वाचकाने ध्यानात ठेवावीत, कारण पुढचा सारा हिशेब त्यांच्यावर फिरतो.

वडिलांच्या मृत्यूनंतर वारसनोंदीचा फेरफार झाला. त्यात सहाही वारसांची नावे आली, परंतु दोघा भावांची कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्यांच्या रकान्यात, आणि आई व तिन्ही बहिणींची ‘इतर हक्क’ या रकान्यात. गावोगावी वर्षानुवर्षे असेच लिहिले जात आले आहे. ज्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतील पाण्याचा हिस्सा आणि शेजाऱ्याची वहिवाट नोंदवतात, त्याच रकान्यात घरच्या बायकांची नावे जातात. २००३ साली भावांनी आपसात तोंडी वाटणी केली आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसिलीतून तिची नोंद करून घेतली. बहिणींच्या नोटिसा माहेरच्या पत्त्यावर गेल्या आणि भावानेच सही करून घेतल्या. वाटणीनंतरही ‘इतर हक्कां’तील चार नावे कोणी पुसली नाहीत, कारण त्यांची अडचण कोणालाच वाटली नव्हती. पुढे भूसंपादनाची नोटीस सात-बारावरील प्रत्येक नावाला निघाली ती याच दुर्लक्षामुळे.

कायद्याने कोणाला किती

एकत्र हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाला जन्मानेच हक्क मिळतो आणि मुलीला मिळत नाही, ही व्यवस्था ज्या ग्रंथाच्या आधाराने देशाच्या मोठ्या भागात रूढ झाली, तो याज्ञवल्क्य स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका. ती विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी या राजधानीत, अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभी लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने उमरगा ओलांडले की पुढे येते, अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्याच बाराव्या शतकात त्याच गावी बसवेश्वरांचा अनुभव मंटप ही शरणांची चर्चासभा भरली, अक्कमहादेवी तिथे गेली आणि सोलापूरचे सिद्धरामेश्वरही गेले. सोलापूरकर दर संक्रांतीला ज्यांची गड्डा यात्रा भरवतात ते सिद्धेश्वर हेच. स्त्रीलाही अध्यात्मात समान स्थान देणारी चळवळ आणि तिला वारसातून मागे ठेवणारे धर्मशास्त्र एकाच नगरीत थोड्याच अंतराने उभे राहिले. भक्ती आपल्याकडे उत्सवात उतरली, शास्त्र मात्र दप्तरात उतरले.

विज्ञानेश्वराला सरसकट दोष देणेही योग्य नाही. स्त्रीधनात त्याने वारसाने, खरेदीने आणि वाटणीत मिळालेली मालमत्ताही धरली होती. पुढच्या टीकाकारांनी आणि ब्रिटिश काळात प्रिव्ही कौन्सिल या लंडनमधील शेवटच्या अपील न्यायालयाने तो अर्थ आवळत नेला. मुंबई इलाख्यात मुलीला वारसाने मालमत्ता मिळालीच, तर ती पूर्ण मालकीने मिळे, हे इतर प्रांतांच्या तुलनेत बरे होते. पण मुलगा असताना ती वेळ येतच नसे. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, तोही हयातीपुरता. मुलीला त्यात काहीच नव्हते. या घरातले वडील १९५५ साली वारले असते, तर तिन्ही बहिणींचा वाटा शून्य गुंठे भरला असता.

स्वातंत्र्यानंतर हिंदू संहिता विधेयकातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुलीला मुलाबरोबरीने वाटा द्यायचा होता. विधेयक रखडले आणि त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा झाला तेव्हा मुलगी वारस ठरली खरी, पण कलम ६ ने पुरुषांचे सहदायाद (जन्मानेच वाटेकरी होणाऱ्यांचे) कुटुंब जिवंत ठेवले. याचा अर्थ असा की आधी वडील, मुलगे आणि वाटणीच्या प्रसंगी आई यांच्यात जमीन विभागली असे मानायचे आणि मग वडिलांच्या एकट्याच्या हिश्श्यात मुलीला वाटेकरी धरायचे. विधवा, दोन मुलगे आणि तीन मुली अशाच रचनेच्या कुटुंबाचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या प्रकरणात केला आहे. त्यानुसार विधवेला चोवीसातले सात भाग मिळतात, आणि त्याच रीतीने प्रत्येक मुलीला चोवीसातला एक. नऊ एकर म्हणजे ३६० गुंठे. मुलीचा वाटा पंधरा गुंठे, मुलाचा एकशे पाच.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीलाही जन्माने सहदायाद केले, मात्र त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ज्या राज्याच्या दुरुस्तीचा त्या काळी पुरोगामी म्हणून गौरव झाला, त्या दुरुस्तीने या घरातील बहिणी दोन गटांत पाडल्या. २००१ साली वडील वारले तेव्हा लागू असलेल्या या कायद्याप्रमाणे धाकटीला ३६० पैकी चौऱ्याऐंशी गुंठे मिळत होते, भावांइतकेच आणि आईइतकेच. थोरली आणि मधलीला मात्र बारा-बारा. धाकटी सहदायाद झाल्याने वडिलांचा हिस्सा आक्रसला आणि १९५६ च्या मूळ कायद्याने मिळाले असते त्यापेक्षाही तीन-तीन गुंठे या दोघींचे कमी झाले. सुधारणेचा भुर्दंड भावांबरोबर थोरल्या बहिणींनीही भरला, ही गोष्ट त्या कायद्याच्या कौतुकात क्वचितच ऐकू येते.

९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची ती अट संपवली आणि राहत्या घराची वाटणी मुलींना मागू न देणारे कलम २३ ही काढून टाकले. प्रश्न उरला तो असा की, वडील त्या तारखेपूर्वीच वारले असतील तर काय. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवती प्रकरणात वडील हयात हवेत असे म्हटले, तर २०१८ साली दानम्मा प्रकरणात २००१ मध्ये वारलेल्या वडिलांच्या मुलींना समान वाटा दिला. ही विसंगती ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालाने मिटली: हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची गरज नाही. या घराला तो हिशेब लावला की सहाही जणांना प्रत्येकी साठ गुंठे, म्हणजे दीड एकर येते.

शून्य, पंधरा, बारा किंवा चौऱ्याऐंशी, आणि मग साठ. ज्या बाईचे हे गुंठे, तिला यातला एकही आकडा २०१९ पर्यंत कोणी सांगितलेला नव्हता.

निबंधक कार्यालयात

२०१९ च्या संक्रांतीला भावांनी तिन्ही बहिणींना वाण लुटायला माहेरी बोलावले. सण झाल्यावर दुसऱ्या दिवशी “जरा तालुक्याला जाऊन येऊ” म्हणून सगळ्यांना गाडीत बसवले. हक्कसोडपत्र आधीच टाइप होऊन तयार होते. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क मोबदल्याविना भावाच्या लाभात सोडायचा असेल तर त्या काळी मुद्रांक दोनशे रुपयांचा लागे. मजकुरात नेहमीची वाक्ये होती: लग्नात वडिलांनी आमच्यावर भरपूर खर्च केलेला आहे, आम्ही आपापल्या सासरी सुखी आहोत, सदर मिळकतीतील आमचा हक्क आम्ही राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, कायमचा सोडून देत आहोत.

कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो आणि अंगठा घेण्यापूर्वी अधिकाऱ्याने मधलीला विचारले, स्वखुशीने सही करता ना? ती हो म्हणाली. धाकटीने मान हलवली. दोघींच्या खुर्चीमागे थोरला भाऊ उभा होता आणि ओळख पटवणारे साक्षीदार त्याचेच मित्र होते. थोरलीची पाळी आली तेव्हा तिने गट नंबर आणि क्षेत्र वाचून दाखवायला सांगितले.

“आक्का, आपल्या आपल्यात वाचायचं काय?” धाकटा भाऊ म्हणाला.

“घराच्या कागदावर सही घेताना मला वाचून दाखवलं होतं,” ती म्हणाली. “हा तर माझ्या बापाचा कागद हाय.”

ती ज्या घराविषयी बोलत होती ते सोलापुरातील विडी कामगारांच्या घरकुलातले, तिच्या स्वतःच्या नावावरचे. स्त्री विडी कामगारांनी लाल बावट्याखाली लढून अशी घरकुले मिळवली. कुंभारीची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. काही वर्षांपूर्वी तिच्या मुलाने रिक्षासाठी कर्ज काढताना ते घर तारण ठेवू पाहिले, तेव्हा पतसंस्थेने आईला आणल्याशिवाय कागद पुढे सरकवला नव्हता. मांडीवर सूप घेऊन ओल्या पानांवर कातर चालवत दिवसाकाठी शेकड्यांनी विड्या वळणाऱ्या, आणि छाट, म्हणजे नापास, म्हणून किती बाजूला पडतील याचा मुकाट हिशेब ठेवणाऱ्या या बाईला, आपल्या नावाच्या कागदाने काय होते ते त्या दिवशी कळले होते. तिन्ही बहिणींत शिकलेली म्हणाल तर धाकटी, बारावी पास. तिने चौऱ्याऐंशी गुंठे न वाचता सोडले. शिक्षणाने बाई आपोआप हक्काबद्दल जागी होते, या आवडत्या समजुतीला हे प्रकरण दुजोरा देत नाही. येथे फरक पाडला तो मालकीच्या अनुभवाने.

दस्त त्या दिवशी दोघींच्याच सहीने नोंदला गेला. प्रक्रियेत बेकायदा काही घडले नाही आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा नेमका तिथे आहे. मिताक्षरेच्या काळी मुलीला हक्कच नव्हता म्हणून तिच्या सहीची गरज नव्हती. आता हक्क आहे, म्हणून तिची खुशी लागते आणि ती खुशी मिळवण्याचे काम नात्यागोत्यावर सोपवलेले आहे. ज्यांच्या लाभात हक्क सुटतो त्यांच्याच देखत बाईला “खुशीने ना?” असे विचारणारी पद्धत तिचे उत्तर आधीच ठरवून टाकते. लाभार्थ्यांना बाहेर थांबवून, सोडल्या जाणाऱ्या क्षेत्राचा आणि तिच्या हिश्श्याचा आकडा तोंडी सांगून मगच अंगठा घ्यावा, एवढी साधी सुधारणा केली तरी बरेच दस्त त्या दिवशी होणार नाहीत.

भावांची बाजू, आणि नणंदेचा प्रश्न

भावांचे म्हणणे निव्वळ लबाडीचे होते असे म्हणता येणार नाही. आईचे सारे तेच पाहत होते. बोअर, पाइपलाइन, बांधबंदिस्ती त्यांनी केली होती आणि सोसायटीचे कर्ज त्यांच्या नावावर होते. दुष्काळात कडबा विकत घेऊन जनावरे जगवली तेव्हा एकही बहीण वाटा मागायला आली नव्हती, हेही खरे. या गोष्टींची किंमत वाटपात धरता येते आणि धरली पाहिजे.

लग्नातल्या खर्चात आणि हुंड्यात बहिणींचा वाटा देऊन झाला, हे म्हणणे मात्र टिकत नाही. १९६१ पासून हुंडा घेणे-देणे गुन्हा आहे हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी वडिलांनी जे दिले ते व्याह्याला आणि जावयाला. मुलीच्या हाती त्यातले काही राहिले नाही आणि त्याची पावतीही नाही. जे तिला मिळालेच नाही, ते तिच्या वाट्यातून वळते करण्याची ही रीत आहे. भाऊबीज बंद होईल, माहेर तुटेल, ही धमकी मात्र कोणी स्पष्ट शब्दांत दिली नाही. ती द्यावी लागत नाही. सासरी काही बिनसले तर दोन दिवस जाऊन राहण्याची एकमेव जागा म्हणजे माहेर, आणि ती जागा भावजयीच्या मर्जीवर चालते, हे प्रत्येक बाईला ठाऊक असते.

तंटा रंगला तेव्हा भावांनी एक जुना कागद बाहेर काढला. थोरलीच्या नवऱ्याच्या गावी पाऊण एकर जमीन आणि घर होते. १९९८ साली तिच्या दोन नणंदांनी त्यावरचा हक्क तिच्या नवऱ्याच्या लाभात सोडला होता, एकेक साडी घेऊन. मग ही कोणत्या तोंडाने वाटा मागते, असा त्यांचा सवाल होता. गावात तो सर्वांना बिनतोड वाटला. थोरलीजवळ त्याला उत्तर नव्हते आणि तिने दिलेही नाही. मला या सवालातून तिच्या दुटप्पीपणापेक्षा वेगळे काही दिसते. एकच बाई एका घरात हक्क सोडणारी बहीण असते आणि दुसऱ्या घरात त्या सोडण्यावर संसार करणारी वहिनी असते. पितृसत्ता बायकांना केवळ वंचित ठेवून इतकी शतके टिकली नसती. तिने प्रत्येकीला कोणाच्या तरी वंचनेत थोडा वाटा दिला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन नवऱ्यांना बायकांच्या नावे जमीन करायला लावले, १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनातून आलेली ती फार मोठी गोष्ट होती. पण तिच्यातही बाईला जमीन मिळाली ती पत्नी म्हणून, नवऱ्याच्या उदारपणातून. बहिणीला भावाने जमीन द्यावी अशी हाक तिथेही निघाली नाही.

आणि आई? २००१ च्या हिशेबाने चौऱ्याऐंशी गुंठ्यांची ती धनीण होती, दोन्ही मुलांच्या बरोबरीची. तिच्या हक्काची आठवण ना भावांना झाली, ना सुरुवातीला बहिणींना. तिचे म्हणणे एवढेच होते की पोरींनी भावाचे तोंड बघावे.

निकाल

थोरलीने भूसंपादनाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे मोबदल्याच्या विभागणीवर हरकत घेतली. राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार असा वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो, त्यामुळे वादातील रक्कम अडकली आणि भाऊ प्रथमच बोलणीला बसले. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तसा वकील घेऊन तिने वाटणीचा दावाही लावला. तेव्हा फुलवतीचा निकाल तिच्या विरोधात होता आणि वकिलाने बारा गुंठ्यांचीच खात्री दिली होती. भावांची भिस्त २००३ च्या कलम ८५ च्या नोंदीवर होती. २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटणी २००५ चा दुरुस्ती कायदा मोडत नाही, पण ती नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी लागते. २०२० च्या निकालाने हेही सांगितले की तोंडी वाटणीचा बचाव सरसकट मानायचा नाही. अपवाद करायचा तर सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार हवा. बहिणींना न कळवता झालेली नोंद तेवढी भक्कम आहे का, याची परीक्षा शेवटपर्यंत झाली नाही, कारण निकालाची बातमी गावात पोहोचल्यावर भावांनी तडजोडीची तयारी दाखवली.

२०२१ च्या अखेरीस तडजोडीचा हुकूमनामा झाला. थोरलीला मोबदल्यातला सहावा हिस्सा पूर्ण आणि जमिनीत साठऐवजी चाळीस गुंठे, रस्त्यापासून दूरच्या अंगाला. वीस गुंठे तिने बोअर-पाइपलाइनच्या खर्चापोटी आणि आईच्या सांभाळापोटी सोडले. या वेळी क्षेत्र वाचून, आकडा लिहून. हे सोडणे आणि संक्रांतीचे सोडणे यांत फरक आहे, असे ती स्वतः सांगते. दाव्यात आई आवश्यक पक्षकार असल्याने तिचाही सहावा हिस्सा हुकूमनाम्यात आला आणि तिचे नाव ‘इतर हक्कां’तून कब्जेदार सदरी गेले. थोरल्या भावाने दोन वर्षे बहिणीशी बोलणे टाकले. धाकटा भाऊ भाऊबीजेला येऊन गेला. चाळीस गुंठे तिने शेजारच्या शेतकऱ्याला निम्म्या वाट्याने दिले आहेत, आणि ज्वारीची पोती सोलापूरला घरकुलात येतात.

मधलीने पुन्हा विषय काढला नाही. धाकटी २०२१ च्या मध्यावर त्याच वकिलाकडे विचारायला गेली होती. फसवणूक, गैरप्रभाव किंवा दबाव सिद्ध करून दस्त रद्द करून घेता येतो, त्यासाठी हकिगत कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, आणि कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० पासूनचा काळ मुदतीत न धरण्याचे आदेश दिलेले असल्याने तिला वेळही होता. तिने कागदांच्या नकला काढल्या. दावा लावला नाही. त्याच सुमारास तिच्या सासरी तिच्या नणंदेकडून हक्कसोडपत्र घेण्याची बोलणी चालली होती.